देवळालीचा ताप

दादर, मुंबई

प्रिय सुहास,

तुझं पत्र परवा मिळालं. ऑफिसातल्या बाई मीटिंगांना वैतागून ‘आय ॲम गोइंग डूलॅली’, म्हणजे ‘मला वेड लागतंय’, म्हणाल्या आणि तुला तो आयरिश शब्द वाटला! अरे, ती आपली देवळाली. कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली की नाशिक रोडच्या अलीकडे लागते ती.

1860 च्या दशकात ब्रिटिशांनी तिथे छावणी वसवली. हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्याआधी तिथे येऊन थांबत. जहाज मुंबईहून सुटायचं, पण फौजेची जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात निघत. मार्चनंतर मुदत संपली, तर पावसाळा तिथेच काढायचा. हाताला काम नाही, जीव घराकडे लागलेला. कोणी दारूला लागे, कोणाच्या मनावर खरोखरच परिणाम होई. अशाला ‘डूलॅली टॅप’ झालाय, असं सोबती म्हणत. हा ‘टॅप’ म्हणजे आपला ताप, ‘डोक्याला ताप’ मधलाच! पुढे ताप गळून गेला आणि गावाचं नाव तेवढं ‘वेडा’ या अर्थाने इंग्रजीत राहिलं.

याचं खापर पुष्कळदा तिथल्या उन्हावर फोडतात. मला ते मुळीच पटत नाही. मुंबईची माणसं हवापालटाला देवळालीला जातात. पारशी-गुजराती लोकांची सॅनिटोरियम तिथे उभी राहिली ती त्या हवेसाठीच. त्या पोरांना वेड लावलं ते वाट बघण्याने. सुटका झालेली, आणि तरी घरी जाता येत नाही. घरापासून इतका लांब राहतोस, तुला हे माझ्याहून जास्त कळेल. म्हणून हा शब्द कोणी हसत उच्चारला तरी मला आधी ते शिपाई आठवतात.

तू मात्र जपून वापर. ‘गो डूलॅली’, ‘ड्राइव्ह मी डूलॅली’ हे ब्रिटिश लोकांच्या घरगुती गप्पांतलं बोलणं आहे. अमेरिकन माणसाला कळेलच असं नाही. कामाच्या ईमेलमध्ये नको. आणि खरोखर मानसिक आजार असलेल्या माणसाबद्दल तर कधीच नको, तिथे तो जिव्हारी लागतो.

त्या बाईंना खरं नाव म्हणून दाखव. त्यांच्या भाषेत ‘ळ’ नाही, तेव्हा दोनतीनदा म्हणावं लागेल. दिवाळीत येशील तेव्हा पंचवटी एक्सप्रेसने नाशिकला जाऊ, वाटेत तुला स्टेशन दाखवतो.

तुझा,
मिलिंद