नाथसागराच्या सहली एसटीला जुळवा

महोदय,

आमच्याकडची निसर्गप्रेमी मंडळी हिवाळ्यात नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पक्षिनिरीक्षणाच्या सहली काढतात, शहरात व्याख्यानं ठेवतात; सगळं मोफत. कौतुकच आहे. परवाच्या सहलीत डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हरभऱ्याच्या वावराकडेला चरत होते. हिमालय ओलांडून आलेले पाहुणे, असं सांगणं चालू असतानाच शेतातल्या आजी म्हणाल्या, ‘‘पाहुणे कशाचे? हाकलून हाकलून हात दुखायलेत!’’ माहिती देणारे क्षणभर गप्पच झाले. धरणाचं पाणी ओसरलं की गाळपेराची जमीन उघडी पडते आणि तिथं शेतकरी व पक्षी दोघंही उतरतात. १९८६ पासून हे अभयारण्य आहे खरं, पण काठावरचा शेतकरी आणि मच्छीमार व्याख्यानाला दिसत नाही.

दिसणार कसा? सहल निघते शहरातून, भल्या पहाटे, स्वतःची गाडी असेल त्याच्यासाठी. वेळ पहिल्या एसटीशी जुळवावी. एखादं व्याख्यान काठावरच्या जिल्हा परिषद शाळेत ठेवावं, तेही संध्याकाळी, रानातली माणसं घरी परतल्यावर. आणि दुर्बिणी थोड्या जास्त आणाव्यात. रांगेत नंबर लागेपर्यंत पक्षी उडून जातात!

– एक वाचक, पैठण