व्रणांवरच्या मलमांची नीट चाचणी हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उकळत्या तेलाने माझा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. जखम भरली, पण व्रण लाल, जाड राहिला. तेव्हापासून भेटेल तो एखादे मलम सुचवतो. पण असा व्रण वर्ष-दोन वर्षांत बहुधा आपसूकच फिका आणि मऊ होत जातो. मग गुण मलमाचा मानायचा की काळाचा? म्हणून एकाच व्रणाच्या अर्ध्या भागावर औषध, उरलेल्यावर दिसायला तसेच पण औषधाविना मलम, आणि कुठे काय लावले हे रुग्णाला वा तपासणाऱ्याला ठाऊक नाही, अशी चाचणी हवी. जाहिरातीतल्या 'आधी-नंतर' फोटोंवर माझा काडीचा विश्वास नाही. उजेड बदलला की व्रणही बदललेला दिसतो.

मोजायचे काय, हेही महत्त्वाचे. व्रण जोखण्याच्या १९९० सालच्या व्हँकुव्हर मोजपट्टीत रंगछटा, लाली, लवचीकपणा आणि उंची आहे, खाज नाही. माझी झोप उडवते ती खाजच! व्रण जोखण्याच्या नंतरच्या 'पोसास' पद्धतीत रुग्णालाही खाजेबद्दल विचारतात, तीच वापरावी. आणि ई जीवनसत्त्वाच्या मलमाने काहींना पुरळ उठते, तेव्हा त्रासाचीही नोंद व्हावी. उत्पादकांनी फसलेल्या चाचण्यांसकट सगळे निकाल जाहीर करावेत.

आपली,
एक वाचक