बटाट्याचे बेणे दसऱ्यानंतरच आणावे

नाशिक,
10 सप्टेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल बाबा म्हणाले की, याच आठवड्यात मंचरच्या बाजारात जाऊन बटाट्याचे बेणे, म्हणजे लावणीचे बटाटे, आणतो, पुढे भाव वाढले तर पंचाईत नको. फोनवर मला नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझी कळकळीची विनंती आहे की, दसऱ्याआधी बेणे आणू नये.

गेल्या वर्षी आपण ते गणपतीतच आणून पडवीत गोणीतच ठेवले होते. दिवाळीत मी गोणी सोडली तेव्हा कुबट वास आला. अंधारात वाढलेले वीतभर पांढरे कोंब हात लागताच मोडत होते आणि बटाटे सुरकुतून मऊ पडले होते. आईने त्यातले बरे निवडून लावले, तरी निम्म्या सऱ्या उगवल्याच नाहीत. तिने सकाळ-संध्याकाळ त्या सऱ्या पाहिल्या, ते मला अजून आठवते.

पंजाबातून येणारे बेणे शीतगृहात 2 ते 4 अंश तापमानात निजलेले असते. एकदा बाहेर काढले की त्याचे डोळे जागे होऊ लागतात आणि ते फार दिवस थांबत नाही. म्हणून खरेदीचा दिवस बाजारभावावरून न ठरवता लावणीच्या तारखेवरून मागे मोजावा, असे मला वाटते. जमिनीत बटाटा पोसायला रात्री थंड, वीस अंशांच्या आसपास किंवा त्याखाली लागतात, आणि परतीचा पाऊस सरल्याशिवाय वाफाही कोरडा होत नाही. ओल्या मातीत कापलेले बेणे कुजते. त्यामुळे लावणी धनत्रयोदशीला, म्हणजे 18 ऑक्टोबरला करू. त्याआधी दोन आठवडे, 4 तारखेच्या शनिवारी, मी स्वतः बाबांबरोबर मंचरला येईन. पाऊस लांबलाच तर भाऊबीजेनंतर लावू. उजेडात ठेवलेले बेणे आठवडाभर सहज दम धरते.

परसातल्या अर्ध्या गुंठ्याला आठ ते दहा किलो पुरे होते, त्यामुळे अख्खी गोणी घेण्याचे कारण नाही. कुफरी ज्योती किंवा पुखराज, या जातींपैकी जे निरोगी मिळेल ते घेऊ. मात्र भाजीचे बटाटे बेणे म्हणून वापरायचे नाहीत, कारण मावा किडीमुळे पसरणारे विषाणूरोग त्यातून वाफ्यात येतात. आणल्यावर बटाटे उन्हात न ठेवता, हवेशीर सावलीत एकेरी थरात पसरायचे, म्हणजे कोंब आखूड, जाड आणि हिरवट येतात. मोठे बटाटे कापताना प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे राहतील असे पाहू आणि फोडी सावलीत सुकू देऊ.

आई, यंदा वांगी होती त्या वाफ्यात बटाटा नको, कारण दोघांचे रोग बरेचसे सारखे आहेत. गवारीच्या वाफ्यात कुजलेले शेणखत मिसळून घ्यावे.

बेणे पसरायला पोटमाळ्यावरच्या आंब्याच्या पेट्या लागतील, पण त्यासाठी बाबांनी शिडीवर चढू नये. मी 3 तारखेच्या रात्री पोहोचते, तेव्हा काढीन.

आपली,
लेक