क्लोरिन हवेच, पण क्लोरोफॉर्मही मोजा

महोदय,

पावसाळ्यात नदी-धरणांतले पाणी गढूळ झाले की नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास वाढतो. पटकी, विषमज्वर टाळायला क्लोरिन लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण कुजलेल्या पानापाचोळ्यातील सेंद्रिय द्रव्यांशी त्याचा संयोग झाला की क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेन्स (क्लोरिनयुक्त, सहज उडून जाणारी रसायने) तयार होतात. नेदरलँड्समधील रॉटरडॅमचे रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी 1974 मध्येच हे दाखवून दिले. क्लोरोफॉर्म 61 अंशांना उकळते, त्यामुळे गरम पाण्याच्या बंद न्हाणीघरात ते श्वासावाटेही शरीरात जाते. दीर्घकाळ जास्त प्रमाणात गेल्यास यकृत आणि मूत्रपिंडाला इजा होते. मानवात ते कर्करोगकारक असण्याची शक्यता आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवली आहे.

आपल्या भारतीय मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे. मात्र पाण्याच्या अहवालांची चर्चा जंतू आणि उरलेल्या क्लोरिनपाशीच थांबते, याची मला काळजी वाटते. यावर उपाय क्लोरिन कमी करणे हा नव्हे. तुरटी आणि गाळणीने सेंद्रिय द्रव्ये आधी काढावीत, क्लोरिन नंतर घालावे. पावसाळ्यातील क्लोरोफॉर्मचे आकडे पालिकांनी प्रभागनिहाय जाहीर करावेत, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक