मिरगाआधी मशीनवरची चादर काढा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस,
स. न. वि. वि.

मी कुडाळ तालुक्यातला निवृत्त लॅब टेक्निशियन. नोकरीतल्या शेवटच्या जुलैत आमच्या वाडीतला एक शेतकरी तापाच्या तिसऱ्या दिवशी आला. डोळे लाल, पोटऱ्यांना हात लावू देईना, पायांच्या भेगांत लावणीचा चिखल तसाच. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणारा ताप) झटपट तपासणीच्या कार्डावर एकच रेघ उमटली. "निगेटिव्ह इला मां? मगे मी जातंय, लावणी रवली हा," म्हणत तो उठला. आठव्या दिवशी पिवळा पडून परत आला. पुढे डायलिसिस.

कार्डाची चूक नव्हती. ते अँटीबॉडी, म्हणजे जंतूशी लढायला शरीर बनवतं ते प्रथिन, शोधतं आणि ती दिसण्याइतकी तयार व्हायला पाच-सात दिवस जातात. त्याआधी रक्तात असतो तो खुद्द जंतू. त्याला पकडायचं तर पीसीआर हवी, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणारी तपासणी. ९५ अंशांवर डीएनएचे दोन पदर सुटतात, थंड केल्यावर त्यांना प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) चिकटतात, ७२ अंशांवर एन्झाइम जोडीचा नवा पदर विणतं. एकाचे दोन, दोनाचे चार. ३० फेऱ्यांत १०० कोटींच्या वर. एवढ्या उष्णतेत टिकणारं हे एन्झाइम मुळात अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं. (राजापूर-तुरळच्या गरम कुंडांत आपण नुसत्या आंघोळी केल्या!)

साहेब, मी पीसीआरचं मशीन मागत नाही. ते कोविडच्या वेळीच आलं. मी होतो तिथलं आज चादरीखाली आहे, वर रजिस्टरांचा गठ्ठा. लेप्टोचा नमुना बर्फाच्या डब्यातून लांब जातो आणि रिपोर्ट येईतो पेशंटचा निकाल लागलेला असतो.

जून ते ऑक्टोबर ते लेप्टोसाठी चालवा. लेप्टोचं किट द्या, ऐन पावसात कंत्राट संपणार नाही असा टेक्निशियन द्या आणि दमदार बॅटरी बॅकअप द्या. बॅकअप हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडे तारांवर माड पडतो नि वीज जाते. विसाव्या फेरीला मशीन थांबलं की सगळे नमुने पुन्हा लावा. उणे २० अंशांचा फ्रीझर बंद राहिला की किटच गेलं. आरोग्य केंद्रांना रक्त घ्यायच्या जांभळ्या टोपणाच्या नळ्याही पुरवा. हिरव्या टोपणाच्या नळीतलं हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) पीसीआर बिघडवतं, आणि घाईत हाताला येईल ती नळी वापरली जाते.

रिपोर्टसाठी डॉक्टरांनी औषध थांबवू नये, हे मलाही कळतं. पण एक नमुना पॉझिटिव्ह आला की त्याच पाण्यात उभ्या असलेल्या वाडीला डॉक्सीसायक्लिन (लेप्टोवरचं प्रतिबंधक अँटिबायोटिक) त्याच संध्याकाळी पोचवता येतं.

मिरग तोंडावर आलाय. किटची ऑर्डर याच आठवड्यात जायला हवी.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, ता. कुडाळ