वाण्याची वही

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई, माळ्यावरच्या ट्रंकेतली वाण्याची वही सापडत नाही म्हणून तू मे महिन्यात घर उलथंपालथं केलंस. ती माझ्याकडे आहे. विचारून न्यायला हवी होती.

आता दुसरं. त्या वहीवरून मी संपाच्या वर्षाचं लिहिलंय आणि एका दिवाळी अंकाला पाठवूनही दिलंय. आधी सांगितलं असतं तर "घरातलं चव्हाट्यावर कशाला?" म्हणाली असतीस, आणि तुझा शब्द मोडून लिहिणं मला जमलं नसतं. रागवायचं तर रागव, पण जेवणावर राग काढू नकोस.

अगं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते. घरोघरी अशी वही असणार. संपावरचं मी बरंच वाचलं. त्यात मोर्चे आहेत, संपाचे पुढारी डॉक्टरसाहेब, दत्ता सामंत आहेत, गोडेतेल कुठेच नाही. ते वहीत आहे. जानेवारी ८२ ला 'गोडेतेल ४ किलो', बाबांच्या गोल अक्षरात. जूनमध्ये बाबा गावी लावणीला गेले, तिथून अक्षर तुझं: 'तेल १०० ग्रॅम', दिवसाआड.

बाटली घेऊन मीच जायचे. तू ती उपडी धरून शेवटचे थेंब तळहातावर घ्यायचीस आणि माझ्या केसांना पुसायचीस. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, हिच्या वेण्यांना भज्यांचा वास येतो. मला तो अजून येतो गं, भजी तळताना.

पाटल्यांचं लिहिलेलं नाही. दादाचं तर नाहीच. चाळीचं नावही बदललंय.

बाबा, संप सुरू झाल्याची १८ जानेवारी ही तारीख बरोबर आहे ना? तुमचं एक वाक्य मात्र जसंच्या तसं घेतलंय: संप रीतसर कुणी मागे घेतलाच नाही, म्हणजे मी अजून संपावरच! संपादकांना ते फार आवडलं.

तिसऱ्या पाळीची सवय म्हणून रात्री १२ वाजता उठून अंगणात फेऱ्या मारणं आता बंद. शेवाळ धरलंय, आई सांगत होती. बॅटरी उशाशी ठेवा. डोळ्यांतले थेंब चुकवू नका. अंक आला की स्वतः वाचत बसू नका, शेजारच्या पोराकडून वाचून घ्या. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी पाठवलेला नाही. न्हाणीघरात टाकायला रबरी चटई आणि मानधनातून तुमच्या दोघांच्या गाद्या गणपतीत येताना आणते. जुनीच बरी, हे ऐकणार नाही.

वहीही आणते. आई, ऑगस्टच्या पानावर एक ओळ तू शाईने इतकी गिरगटलीयस की उजेडात धरूनही लागत नाही. काय आणलं होतंस गं? फोनवर सांग. छापणार नाही, तुझी शपथ.

तुमची,
बेबी