तोंडी ठरलेल्या कामालाही कायदा लागतो

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात हुडकेश्वरच्या एका गृहस्थांचं पत्र होतं. ओटा आणि टाइल्स बसवायला त्यांनी ठेकेदाराला आगाऊ रक्कम दिली, तो अर्ध्यातून निघून गेला, आणि ‘लिखापढी नव्हती, म्हणून आता काहीच करता येत नाही’ असं म्हणून त्यांनी पत्र आटोपतं घेतलं. माझी उभी नोकरी दिवाणी न्यायालयात कारकुनीत गेली. मी वकील नाही, पण दावे दाखल होताना, चालताना आणि कपाटात पडून राहताना पुष्कळ पाहिले आहेत. त्या गृहस्थांचा हा समज चुकीचा आहे. तो छापून आला की आणखी दहाजण खरा धरून घरी बसतात, म्हणून लिहिते आहे.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याचं कलम १० म्हणतं की सज्ञान, शुद्धीवरच्या माणसांनी स्वखुशीने, मोबदला ठरवून, कायदेशीर कामासाठी केलेलं बोलणं म्हणजे करार. तो कागदावर हवा, अशी अट त्यात नाही. जिथे कागद लागतोच तिथे दुसरा कायदा तसं वेगळं सांगतो. घर-जमिनीची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा तोंडी चालत नाही. ओटा, रंगकाम, प्लंबिंग, लग्नाचा मांडव, जेवणावळीचा ठेका यांना अशी अट नाही. स्टॅम्पपेपर (शंभराचा होता, आता पाचशेचा झाला) असला तर सिद्ध करणं सोपं जातं, एवढाच त्याचा उपयोग.

करार मोडल्यावर भरपाई कशी द्यायची ते याच कायद्याच्या कलम ७३ मध्ये आहे, आणि समजावण्यासाठी त्याखाली उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक असं : ‘अ’ने ‘ब’चं घर ठरावीक पद्धतीने दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं आणि पैसे आधीच घेतले. दुरुस्ती केली, पण ठरल्याप्रमाणे नाही. मग ते काम ठरल्याप्रमाणे करून घ्यायला जो खर्च येईल, तो ‘ब’ला ‘अ’कडून मिळेल. दीडशे वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्या साहेबानेही कधीतरी एखाद्या मिस्त्रीला घर दाखवलं असावं, अशी मला दाट शंका आहे.

सध्या त्या ‘ब’च्या जागी मीच आहे. त्रिमूर्तीनगरच्या आमच्या घराची गच्ची गळते. यंदा उन्हाळ्यातच वॉटरप्रूफिंग उरकायचं म्हणून फेब्रुवारीत एका ठेकेदाराशी बोलणं झालं. जुना कोबा फोडून नवा करायचा, मलबा त्यानेच उचलायचा, ८५ हजार रुपये, काम गुढीपाडव्याच्या आत पूर्ण. ४० हजार मी मोबाइलवरून पाठवले. त्याने अर्धी गच्ची फोडली आणि माणसं दुसऱ्या साइटवर नेली. मग ‘उद्या येतो ना ताई’, मग ‘पोरं गावाला गेली जी’, मग फोन बंद.

कागद एकही नव्हता, पण पुरावा भरपूर होता. बँकेच्या नोंदीत तारीख आणि रक्कम होती. ‘८५ मध्ये पूर्ण करून देतो, मलबा माझ्याकडे’ हा त्याचाच व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होता. बोलणं झालं तेव्हा शेजारच्या काकू हजर होत्या, आणि फोडलेल्या गच्चीचे फोटो मी काढले होते. दिवाणी प्रकरणात फौजदारीसारखं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही, कोणाची बाजू जास्त संभवनीय वाटते तेवढंच पाहतात. मेसेजची प्रिंट दाखल करायची तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. तेव्हा चॅट पुसू नका, आणि नवा फोन घेतलात तरी प्रकरण संपेपर्यंत जुना विकू नका.

ज्यांच्याकडे मेसेजही नाही, त्यांनी तो आज पाठवावा. ‘आपलं अमुक काम अमुक रकमेत ठरलं होतं, मी अमुक तारखेला इतके दिले, काम बंद आहे, कधी सुरू करता?’ बहुतेक ठेकेदार भांडण टाळायला ‘करून देतो, दोन दिवस थांबा’ असं उत्तर देतात. त्या एका ओळीत काम ठरलं होतं आणि ते बाकी आहे, दोन्ही कबूल होऊन जातं.

मी अडले ती पत्त्यापाशी. नोटीस पाठवायची कुठे? माणूस ‘नंदनवनकडे राहतो’, याच्यापुढे कोणालाच माहिती नाही. कार्डावर गणपती, दोन मोबाइल नंबर आणि ‘सर्व प्रकारची कामे खात्रीशीर’. शेवटी तो ज्या हार्डवेअरच्या दुकानातून उधारीवर माल उचलायचा, त्या दुकानदाराने घर सांगितलं, कारण त्याचेही पैसे अडकले होते. न्यायालयातही मी हेच पाहत आले. समन्स ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत येतं आणि चांगला दावा तारखांवर तारखा खात पडून राहतो. आगाऊ रक्कम देताना स्टॅम्पपेपर मागायला संकोच वाटत असेल तर मागू नका, पण राहत्या घराचा पूर्ण पत्ता आणि पूर्ण नाव घेतल्याशिवाय रुपयाही देऊ नका.

नोटिशीचं महत्त्व मात्र फार थोड्यांना माहीत आहे. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात (इंग्रजीत स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) २०१८ साली दुरुस्ती झाली आणि कलम २० नवं आलं. समोरच्याने काम केलं नाही तर ते दुसऱ्याकडून करून घेऊन प्रत्यक्ष आलेला खर्च पहिल्याकडून वसूल करता येतो. अट एकच : आधी किमान ३० दिवसांची लेखी नोटीस द्यायची. ती वकिलानेच लिहायला हवी असं नाही. मी साध्या मराठीत लिहिली, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवली आणि तिचाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्यापर्यंत येतो, म्हणून एप्रिलमध्येच पाठवली. लग्न परवावर आणि मांडववाला गायब, अशा वेळी अर्थातच कोणी ३० दिवस थांबू शकत नाही. तेव्हा करार कायद्याचं कलम ७३ आहेच. दुसरा मांडववाला बघावा, वाजवी दराने काम करून घ्यावं आणि जादा गेलेले पैसे मागावेत. उलट हात बांधून बसून नुकसान वाढू दिलं, तर ते वाढलेलं नुकसान मिळत नाही.

आता हिशेब, कारण इथे लोक हमखास घसरतात. दुसऱ्या मिस्त्रीने उरलेल्या कामाचे ७२ हजार घेतले. माझ्या भावाचं म्हणणं, ४० हजारही परत माग आणि हे ७२ हजारही माग. तसं होत नाही. करार पाळला गेला असता तर माझे ८५ हजार जाणारच होते. गेले एक लाख १२ हजार. म्हणजे नुकसान २७ हजारांचं. शिवाय मेच्या अवकाळी पावसात बेडरूमचं पीओपी भिजलं, त्याच्या दुरुस्तीचं बिल वेगळं. एवढंच मी ग्राहक आयोगात मागितलं आहे. फुगवलेली मागणी पाहिली की समोर बसलेल्यांना खऱ्या आकड्याचाही संशय येऊ लागतो.

पोलीस ठाण्यात मी गेले नाही. ‘सिव्हिल मॅटर आहे’ असं सांगून पोलीस परत पाठवतात म्हणून लोक चिडतात, पण बहुतेक वेळा पोलिसांचं बरोबर असतं. फसवणुकीचा गुन्हा (पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८) व्हायला पैसे घेतानाच फसवायचा हेतू असावा लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने हे वारंवार सांगितलं आहे. खोटं नाव सांगून पैसे घेतले, एकाच महिन्यात अनेकांकडून घेतले आणि कुठेच कुदळ मारली नाही, असं काही असेल तर जरूर तक्रार द्यावी. अर्धी गच्ची फोडून गेलेला माणूस त्यात बसत नाही.

मी ग्राहक आयोगात गेले. घरासाठी पैसे देऊन ठेक्याने काम करून घेणारा ग्राहकच असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लागत नाही. मुदत दोन वर्षांची. महिन्याच्या पगारावर ठेवलेला ड्रायव्हर किंवा स्वयंपाकीण यांच्याविरुद्ध मात्र तिथे जाता येत नाही. धंद्याच्या जागेचं काम असेल तरी बहुतेकांना दिवाणी न्यायालयच गाठावं लागतं, तिथे मुदत तीन वर्षं. कायद्याने आयोगाचा निकाल साधारण तीन महिन्यांत लागायला हवा. प्रत्यक्षात काय होतं ते तिथल्या बाकावर बसलेल्या कोणालाही विचारा. माझीही तारीख पुढे गेली आहे.

आणखी एक सांगायला हवं, कारण ठेकेदारांना शिव्या घालणारी पत्रं रोजच येतात. हाच तोंडी करार त्यांच्याही बाजूने उभा राहतो. काम करून घ्यायचं आणि ‘फिनिशिंग बरोबर नाही’ म्हणत शेवटचे दहा हजार बुडवायचे, हा प्रकार आमच्याच वस्तीत चांगल्या पगाराच्या घरांत चालतो. जे काम फुकट म्हणून केलेलं नव्हतं त्याचा फायदा घेतला तर त्याचा मोबदला द्यावा लागतो, असं करार कायद्याचं कलम ७० सांगतं. मीही त्या माणसाने फोडलेल्या अर्ध्या कोब्याची मजुरी धरूनच वरचा हिशेब केला आहे.

आता मागणी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. शुल्क नाही, तडजोड झाली तर तो निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का आणि त्यावर अपील नाही. समोरच्याने यायला मात्र हवं. माझ्या पाहण्यात तिथे गर्दी बँकांच्या थकबाकीची आणि वीजबिलांची असते, वीस-तीस हजारांच्या घरकामाचे वाद कोणी नेतच नाही. प्राधिकरणाने मार्च ते मे या महिन्यांत महापालिकेच्या दहाही झोन कार्यालयांत यासाठी अर्ज ठेवावेत. मजुरांच्या ठिय्यांवरही कोणाला तरी बसवावं, म्हणजे मजुरी अडकलेल्यांचीही सोय होईल. आणि आपल्या दैनिकाने उन्हाळ्याच्या सुरुवातीला ३० दिवसांच्या नोटिशीचा मराठी नमुना छापावा. माझ्याकडची प्रत मी नावं खोडून कार्यालयात आणून देईन.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, त्रिमूर्तीनगर, नागपूर

(प्रकरण चालू असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)